सेट्टे (वाइन)

सेट्टे ही महाराष्ट्रातील सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यात, अकलूजजवळ तयार होणारी रेड वाइन आहे. फ्रातेल्ली या वायनरीची ती मानाची वाइन समजली जाते. मूळ फ्रान्समधील बोर्दो प्रदेशाची काबर्ने सोव्हिन्याँ आणि मूळ इटलीतील टस्कनी प्रदेशाची सांजोवेझे या दोन द्राक्षजाती तिच्या मिश्रणाचा पाया आहेत. ओक लाकडाच्या पिंपांत मुरवल्यानंतर ती बाटलीत भरली जाते. फ्रान्समधील नामांकित रेड वाइनप्रमाणे एका ठरावीक मळ्याच्या नावाशी जोडलेली, काही वर्षे साठवून ठेवता येईल अशी वाइन उसाच्या पट्ट्यात तयार करण्याचा हा प्रयत्न आहे. त्यामुळे भारतीय वाइन उद्योगाच्या इतिहासात तिचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

नाव

'सेट्टे' या इटालियन शब्दाचा अर्थ 'सात' असा आहे, तर 'फ्रातेल्ली' म्हणजे 'भाऊ' (अनेकवचनी). ही कंपनी भावांच्या तीन जोड्यांनी मिळून उभी केली: इटलीचे आंद्रेआ व अलेस्सिओ सेक्की, दिल्लीचे कपिल व गौरव सेखरी आणि अकलूजचे रणजितसिंह व अर्जुनसिंह मोहिते-पाटील. हे सहा जण आणि सातवे टस्कनीतील वाइनतज्ज्ञ पिएरो मासी, अशा सात जणांचा उल्लेख वाइनच्या नावात आहे. मराठीत कंपनीचे नाव फ्रटेली किंवा फ्रॅटेली असेही लिहिले जाते.

मळ्याची वाइन : संकल्पना

वाइनच्या जगात प्रतिष्ठा दोन मार्गांनी मिळते. काही वाइन उत्पादकाच्या नावावर ओळखल्या जातात. त्यांची द्राक्षे अनेक शेतकऱ्यांकडून विकत घेतलेली असतात. दुसऱ्या प्रकारात वाइनची ओळख एका विशिष्ट जमिनीशी बांधलेली असते. द्राक्षे तिथेच पिकतात, रस तिथेच आंबवला जातो आणि बाटलीही तिथेच भरली जाते. बोर्दोमध्ये अशा मळ्याला 'शातो' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ गढी किंवा वाडा असा असला, तरी व्यवहारात त्यात द्राक्षबाग, तळघर आणि वाइन बनवणारी माणसे या सर्वांचा समावेश होतो.

१८५५ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठी सम्राट तिसरा नेपोलियन याच्या इच्छेनुसार बोर्दोच्या वाइनची श्रेणीवार यादी करण्यात आली. दलालांनी ती मुख्यतः त्या काळच्या बाजारभावांवरून ठरवली. पहिल्या श्रेणीत लाफित, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियाँ या चार शातोंना स्थान मिळाले. (या लातूरचा मराठवाड्यातील लातूरशी संबंध नाही. त्या फ्रेंच शब्दाचा अर्थ 'बुरूज' असा आहे.) पुढे १९७३ मध्ये मूताँ-रॉथशिल्ड या शातोला पहिल्या श्रेणीत बढती देण्यात आली. त्याच शातोचे मालक बॅरन फिलिप द रॉथशिल्ड यांनी १९२४ पासून आपली सर्व वाइन मळ्यातच बाटलीबंद करण्यास सुरुवात केली होती. तोपर्यंत वाइन पिंपांतून व्यापाऱ्यांकडे जात असे आणि बाटल्या व्यापारीच भरत असत. मळ्यातच बाटली भरल्याने भेसळीला आळा बसला आणि वाइनच्या गुणदोषांची सर्व जबाबदारी मळ्याच्या मालकावर आली.

'मळ्याची वाइन' या संज्ञेतील महत्त्वाचा भाग ही जबाबदारी आहे. विकतची द्राक्षे घेणारा उत्पादक एका भागात गारपीट झाली तर दुसऱ्या भागातून माल आणू शकतो. मळ्याच्या मालकाला तो पर्याय नसतो.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील आधुनिक वाइननिर्मितीचा आरंभ १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे झाला. उद्योजक श्यामराव चौगुले यांनी शॅम्पेन प्रदेशातील पायपर-हाइडसिक या कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने तेथे फेसाळ वाइन तयार केली. परदेशात ती 'ओमर खय्याम' या नावाने विकली गेली. 'शातो इंडाज' हे तिथल्या उद्योगाचे नाव फ्रेंच परंपरेवरूनच घेतलेले होते. पुढे आर्थिक अडचणींमुळे हा उद्योग बंद पडला. दरम्यान राजीव सामंत यांनी नाशिकजवळ सुला विनयार्ड्सची स्थापना केली. या वायनरीची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली आणि नाशिक हे भारतीय वाइनचे प्रमुख केंद्र बनले.

२००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. त्यानुसार वाइनला उत्पादन शुल्कात सूट मिळाली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने नाशिक जिल्ह्यातील विंचूर आणि सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाइन उद्यानांसाठी जागा विकसित केल्या. नाशिकमधील बहुतेक मोठ्या वायनऱ्या करारशेतीवर उभ्या राहिल्या. शेतकरी ठरलेल्या जातीची द्राक्षे लावतो आणि वायनरी ठरलेल्या दराने ती विकत घेते. अकलूज येथे मात्र स्वतःच्या मळ्यातील द्राक्षांवर भर देण्याचा मार्ग निवडण्यात आला.

सोलापूर जिल्ह्याला द्राक्षे नवीन नव्हती. उत्तर सोलापूर तालुक्यातील नान्नज येथील द्राक्ष बागायतदार नानासाहेब काळे यांनी निवड पद्धतीने विकसित केलेली 'सोनाका' ही जात राज्यभर पसरली आहे. सोलापूर, नान्नज आणि काळे या तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले. मात्र सोनाका, तास-ए-गणेश, थॉमसन सीडलेस या खाण्याच्या द्राक्षांच्या जाती आहेत. त्यांत मोठा मणी, पातळ साल आणि बियांचा अभाव हे गुण मानले जातात. रेड वाइनला याच्या उलट गुणांची द्राक्षे लागतात. मणी लहान, साल जाड आणि आत बिया असाव्या लागतात, कारण वाइनचा रंग सालीतून आणि तुरटपणा साल व बियांतून येतो. त्यामुळे खाण्याच्या द्राक्षांचा उत्तम बागायतदार वाइनच्या द्राक्षांबाबत पुष्कळसा नवखा असतो.

स्थापना

अकलूजचे मोहिते-पाटील घराणे सहकारी साखर कारखानदारीसाठी प्रसिद्ध आहे. तेथील साखर कारखान्याला सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटील यांचे नाव आहे. या घराण्यातील पुढच्या पिढीने सेक्की व सेखरी बंधूंसह २००७ च्या सुमारास वाइन उद्योगात पाऊल टाकले. माळशिरस तालुक्यातील मोटेवाडी, गारवाड आणि निमगाव या तीन ठिकाणी मिळून सुमारे २४० एकरांवर लागवड करण्यात आली. फ्रान्समधून सुमारे साडेतीन लाख रोपे आणण्यात आली. त्यांत काबर्ने सोव्हिन्याँ, मेर्लो, शिराझ, सांजोवेझे, शार्दोने, शेनिन ब्लाँ इत्यादी जाती होत्या. वायनरी मोटेवाडी येथे आहे. सेट्टे ही वाइन २०१० च्या दशकाच्या आरंभी बाजारात आली.

२०२४ मध्ये सेखरी कुटुंबाच्या टिन्ना ट्रेड या सूचिबद्ध कंपनीत हा वाइन व्यवसाय आणण्यात आला आणि त्या कंपनीचे नाव फ्रातेल्ली विनयार्ड्स असे झाले.

भूगोल व हवामान

माळशिरस तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतो. सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अकलूज नीरा नदीकाठी आहे. नीरेच्या कालव्यांमुळे तालुक्याच्या सखल भागातील काळ्या जमिनीत ऊस वाढला, तर माळावरच्या हलक्या, मुरमाड जमिनी दीर्घकाळ कोरडवाहू राहिल्या. वाइनच्या द्राक्षांना भारी जमीन मानवत नाही. अशा जमिनीत वेल जोमाने वाढतो, पाला फार येतो आणि मण्यांत पाणी जास्त भरते. पाण्याचा निचरा होणाऱ्या हलक्या जमिनीत, ठिबकने मोजके पाणी दिल्यावर वेलाची वाढ रोखली जाते आणि मणी लहान राहतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शिकेनुसार उसाची पाण्याची गरज १५०० ते २५०० मिलिमीटर, तर द्राक्षाची ५०० ते १२०० मिलिमीटर इतकी असते. म्हणून पाण्याच्या दृष्टीने या पट्ट्यात द्राक्ष हे उसाला पर्यायी पीक ठरू शकते.

बोर्दो ४५ अंश उत्तर अक्षांशाजवळ आहे, तर अकलूज १८ अंशांजवळ. हा फरक केवळ उष्णतेपुरता नाही, ऋतुक्रमही बदलतो. बोर्दोत वेल हिवाळ्यात पूर्ण सुप्तावस्थेत जातो, वसंतात फुटतो आणि त्याची द्राक्षे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, हवा थंड होत असताना पिकतात. महाराष्ट्रात द्राक्षे फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे हवा तापत असताना पिकतात. जानेवारीत रात्री थंड असतात, पण मार्चमध्ये सोलापूर भागात दिवसाचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. उष्णतेत मण्यांतील साखर झपाट्याने वाढते, मॅलिक आम्ल घटते आणि सालीतील रंगद्रव्ये कमी तयार होतात. साखर भरली तरी बिया व साल कच्ची राहण्याचा धोका असतो. उष्ण प्रदेशातील रेड वाइनची मुख्य अडचण हीच आहे: साखरेची पक्वता आणि सालीची पक्वता एकाच वेळी साधणे.

लागवड

उष्ण हवामानात वेलाला नैसर्गिक विश्रांती मिळत नसल्याने महाराष्ट्रात द्राक्षवेलाची वर्षातून दोनदा छाटणी करतात. पहिली एप्रिलच्या सुमारास होते. तिला खरड छाटणी म्हणतात. तीत वेल ओलांड्यापर्यंत मागे छाटला जातो आणि पुढील महिन्यांत नव्या काड्या तयार होतात. याच काळात काडीच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाच्या घडांची निर्मिती होते. दुसरी छाटणी पावसाळा ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. तिला गोडी छाटणी किंवा फळछाटणी म्हणतात. या छाटणीनंतर फुटणाऱ्या काड्यांवर घड येतात. अशा रीतीने वेल वर्षात दोनदा फुटतो, पण पीक एकदाच घेतले जाते.

गोडी छाटणीची तारीख हा बागेतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय असतो. छाटणी लवकर केली तर परतीच्या पावसात कोवळी फूट केवडा रोगाला बळी पडते. उशिरा केली तर द्राक्षे कडक उन्हाळ्यात पिकतात. भुरी आणि करपा या रोगांचाही बंदोबस्त करावा लागतो. जमिनीतील क्षार व पाण्याची टंचाई यांना तोंड देण्यासाठी राज्यात डॉगरिज या खुंटावर कलम करण्याची पद्धत रूढ आहे. द्राक्षशेतीचे संशोधन पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात चालते.

मानाच्या वाइनसाठी वेलावरील घडांची संख्या मुद्दाम कमी ठेवली जाते. कमी घडांना वेलाचे अधिक अन्न मिळते व द्राक्षे एकसारखी पिकतात. पण एकरी उत्पादन घटते. अशा वाइनच्या किमतीत या सोडून दिलेल्या पिकाचाही वाटा असतो.

द्राक्षजाती व मिश्रण

काबर्ने सोव्हिन्याँ ही काबर्ने फ्राँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ या दोन जातींच्या नैसर्गिक संकरातून निर्माण झाली, हे १९९७ मध्ये जनुकीय चाचणीने सिद्ध झाले. तिची साल जाड व मणी लहान असतो. त्यामुळे वाइनला गडद रंग, तुरटपणा आणि टिकाऊपणा येतो. सांजोवेझे ही टस्कनीतील कियांती वाइनची मुख्य जात आहे. तिचा रंग तुलनेने फिका असतो, पण आम्लता चांगली असते. उष्ण प्रदेशात आम्लता लवकर घटत असल्याने हा गुण उपयोगी पडतो.

या दोन जाती एकत्र आणण्याची कल्पनाही टस्कनीतलीच आहे. तेथील काही उत्पादकांनी १९७० च्या दशकात स्थानिक नियम बाजूला ठेवून सांजोवेझेत बोर्दोच्या जाती मिसळल्या. आंतिनोरी घराण्याची 'तिन्यानेल्लो' ही वाइन त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. नियमांबाहेर असल्याने अशा वाइनला आरंभी साध्या वाइनचाच दर्जा मिळाला, तरी बाजारात त्यांची किंमत मान्यताप्राप्त वाइनपेक्षा वाढली. पुढे त्या 'सुपर टस्कन' या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. सेट्टेची जातकुळी या परंपरेची आहे: द्राक्ष निम्मे फ्रेंच, दृष्टी टस्कनीची आणि माती माळशिरसची.

निर्मिती

रेड वाइनची निर्मिती पुढील टप्प्यांनी होते.

तोडणी : द्राक्षे सकाळच्या थंडाव्यात हाताने तोडली जातात. तापलेली द्राक्षे वायनरीत पोहोचण्यापूर्वीच आंबू लागण्याची शक्यता असते.

देठ काढणे व फोडणे : घडांचे देठ वेगळे करून मणी हलकेच फोडले जातात. व्हाइट वाइनमध्ये साल आधीच काढून टाकतात. रेड वाइनमध्ये रस सालींसहच टाकीत जातो.

आंबवणे : यीस्ट रसातील साखरेचे मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड वायू यांत रूपांतर करते. टाकीचे तापमान साधारण २५ ते ३० अंशांदरम्यान राखले जाते. वायूमुळे साली वर येऊन त्यांचा जाड थर बनतो. खालचा रस पंपाने वर आणून त्यावर सोडला जातो, म्हणजे रंग व टॅनिन रसात उतरतात.

गाळणे व दुसरे किण्वन : चोथा पिळून वाइन वेगळी काढली जाते. त्यानंतर जिवाणूंच्या साहाय्याने तीव्र मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर होते आणि चव मऊ होते.

मुरवणे : वाइन ओकच्या पिंपांत ठेवली जाते. बोर्दो पद्धतीच्या पिंपात २२५ लिटर वाइन मावते. लाकडाच्या छिद्रांतून अत्यल्प प्राणवायू आत जातो, टॅनिन एकमेकांना जोडले जाऊन तुरटपणा कमी होतो आणि लाकडातून व्हॅनिला व मसाल्यांसारखा गंध उतरतो.

मिश्रण व बाटली भरणे : वेगवेगळ्या जातींच्या व पिंपांच्या वाइन चाखून त्यांचे प्रमाण ठरवले जाते. बाटलीवर द्राक्षे तोडल्याचे वर्ष छापले जाते. हवामान दर वर्षी बदलत असल्याने एकाच नावाच्या वाइनची चवही वर्षागणिक वेगळी असते.

महाराष्ट्रातील तापमानात वाइन साठवणे हा वेगळा प्रश्न आहे. रेड वाइन १२ ते १६ अंश तापमानात, अंधारात आणि बूच ओले राहावे म्हणून आडवी ठेवली जाते. वाहतूक आणि दुकानातील साठवण यांत हे तापमान राखले गेले नाही, तर मळ्यातील सर्व काळजी व्यर्थ जाते.

परदेशी सहकार्य

इंग्रज वाइन समीक्षक स्टीव्हन स्परियर यांनी पिएरो मासी यांच्यासह या वायनरीसाठी 'एम/एस' ही वाइनमाला तयार केली. स्परियर यांनी २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये घेतलेली चाचणी प्रसिद्ध आहे. तीत फ्रेंच परीक्षकांनी बाटलीवरील नाव न पाहता वाइन चाखल्या आणि रेड व व्हाइट या दोन्ही गटांत कॅलिफोर्नियाच्या वाइनना पहिले स्थान दिले. बोर्दो व बर्गंडीबाहेर श्रेष्ठ वाइन होऊ शकत नाही, हा समज त्या दिवसापासून डळमळीत झाला. स्परियर यांचे २०२१ मध्ये निधन झाले. मूळचे बर्गंडीचे वाइन उद्योजक जाँ-शार्ल ब्वासे यांच्या सहकार्याने 'जे'नून' ही वाइनही अकलूजमध्ये तयार करण्यात आली.

कर, कायदा व वाद

परदेशी वाइनवर भारतात दीर्घकाळ १५० टक्के मूलभूत सीमाशुल्क होते. देशी वाइनला त्याचे संरक्षण मिळत आले. डिसेंबर २०२२ मध्ये अमलात आलेल्या करारानुसार ऑस्ट्रेलियाच्या महागड्या वाइनवरील शुल्क टप्प्याटप्प्याने घटवण्यास सुरुवात झाली. शुल्कातील कपातीचा परिणाम स्वस्त वाइनपेक्षा सेट्टेसारख्या वरच्या किमतीच्या देशी वाइनवर अधिक होतो, कारण त्या किमतीला ग्राहकासमोर नामांकित परदेशी वाइनचा पर्याय येतो.

जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत व सुपरमार्केटमध्ये वाइनविक्रीस परवानगी देण्याचा निर्णय घेतला. द्राक्ष उत्पादकांना लाभ होईल, अशी समर्थकांची भूमिका होती. व्यसनाला प्रोत्साहन मिळेल, असा आक्षेप ज्येष्ठ समाजसेवक अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी घेतला. हा निर्णय प्रत्यक्षात अमलात आला नाही. वाइनच्या द्राक्षांचे क्षेत्र राज्यातील एकूण द्राक्षक्षेत्राच्या तुलनेत लहान असल्याने शेतकऱ्यांना होणारा लाभ किती, हाही या वादातील एक मुद्दा होता.

महाराष्ट्रात वाइन पिण्यासाठी किमान वय २१ वर्षे आहे. जागतिक आरोग्य संघटनेची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था मद्यार्काला कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात ठेवते. वाइनही त्याला अपवाद नाही.

महत्त्व

बोर्दोच्या मळ्यांना १८५५ मध्ये जे स्थान मिळाले, त्यामागे शंभराहून अधिक वर्षांचे बाजारभाव आणि अनुभव होता. कोणत्या उतारावर कोणती जात लावावी, कोणत्या वर्षी तोडणी थांबवावी, हे तेथे पिढ्यान्‌पिढ्यांनी ठरवले. अकलूजच्या बागांना अद्याप दोन दशकांचाच इतिहास आहे. महाराष्ट्रात दोन छाटण्यांमुळे वेलावर येणारा ताण पाहता येथील वेल किती वर्षे उत्तम पीक देतील, येथील रेड वाइन बाटलीत किती काळ सुधारत जाईल आणि अवकाळी पाऊस व गारपीट वाढत असताना एकाच तालुक्यावर विसंबलेला मळा कसा तग धरेल, या प्रश्नांची उत्तरे आणखी काही हंगामांनंतरच मिळतील. तरीही साखर कारखान्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या तालुक्याचे नाव एका रेड वाइनशी जोडले जाणे आणि माळावरच्या हलक्या जमिनीला तिच्याच मर्यादेमुळे मोल येणे, ही सेट्टेच्या निर्मितीतून घडलेली उल्लेखनीय गोष्ट आहे.